सेन्सर चोवीस, लॉगरला तोंडं सोळा: रिले मल्टिप्लेक्सर कसा जोडावा

बेळगावजवळ काकतीच्या पुढे मार्कंडेय नदीच्या अंगाला एका उसाच्या फडात ओलावा मोजायचा होता. आठ जागा, प्रत्येक जागी २०, ४० आणि ६० सेंटिमीटर खोलीवर एकेक सेन्सर, म्हणजे चोवीस सेन्सर. आणि माझ्याकडच्या डेटालॉगरला, म्हणजे सेन्सरचे आकडे ठरावीक वेळाने वाचून साठवणाऱ्या यंत्राला, अॅनालॉग तोंडं सोळाच. रानाचे मालक काका म्हणाले, "मग काय, दुसरं यंत्र घ्यावं लागणार की काय?" नवीन माणसाच्या मनात पहिला हाच विचार येतो. दुसरा लॉगर म्हणजे दुसरी बॅटरी, दुसरा प्रोग्राम, दुसरं घड्याळ, आणि महिन्याभरात दोन घड्याळांत पडलेला फरक. माती काही सेकंदासेकंदाला बदलत नाही. चोवीस सेन्सर एकाच वेळी मोजायची गरजच नसते, एकामागून एक मोजले तरी चालतं. हे काम रिले मल्टिप्लेक्सर करतो.

गल्लीतल्या नळासारखं आहे हे. नळ एक, घागरी बत्तीस, रांगेत लावलेल्या. लॉगर म्हणजे नळ. मल्टिप्लेक्सरच्या आत छोटे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात, ते एका वेळी एकच घागर नळाखाली आणतात, बाकीच्या सगळ्या पूर्ण तुटलेल्या. लॉगर फक्त दोनच गोष्टी सांगतो: "रांग सुरू करा" आणि "पुढची". कितवी घागर नळाखाली आहे हे लॉगरला दिसत नाही, तो आपला मनातल्या मनात मोजत असतो. ही शेवटची गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा, पुढे तिच्यामुळेच मला एका महिन्याचा डेटा टाकून द्यावा लागला.

आधी कागदावर मोजदाद

खरेदीआधी एक यादी करा. प्रत्येक सेन्सरपुढे लिहा: किती तारा, काय देतो (व्होल्टेज, रेझिस्टन्स, करंट, पल्स की डिजिटल), किती वेळाने मोजायचा.

सगळं काही मल्टिप्लेक्सरवर जात नाही. पर्जन्यमापक कधीच टाकू नका. त्याची पळी कधी पलटेल सांगता येत नाही, आणि ती पलटली त्या क्षणी रांग दुसऱ्याच सेन्सरवर असेल तर तो पाऊस हिशोबातून गेला. कणकुंबीसारख्या ठिकाणी जूनच्या अखेरीला असं केलंत तर आकडा बघून तुम्हालाच हसू येईल. पर्जन्यमापक आणि वाऱ्याचा कप-मीटर थेट लॉगरच्या पल्स तोंडाला. एसडीआय-१२ (सेन्सर आणि लॉगर यांच्या बोलण्याची एक ठरलेली पद्धत) वर बोलणारे डिजिटल सेन्सर असतील तर त्यांना मल्टिप्लेक्सर लागतच नाही. एकाच तारेवर प्रत्येकाला वेगळा पत्ता देऊन ते बसतात, नुसत्या आकड्यांचेच दहा पत्ते होतात आणि इंग्रजी अक्षरं धरली तर बासष्ट.

४ ते २० मिलिअँपचे ट्रान्समीटर जातात, पण जपून. रिले उघडला की करंटची वाट तुटते, आणि काही ट्रान्समीटरना जागं व्हायला कित्येक सेकंद लागतात. त्यांचा सप्लाय चालू ठेवायचा, प्रत्येकाचा शंट रेझिस्टर (करंटचं व्होल्टेज करून देणारा) त्याच्याच टर्मिनलवर कायम ठेवायचा, आणि मल्टिप्लेक्सरवर फक्त शंटवरचं व्होल्टेज आणायचं. १०० ओहमचा शंट ठेवला तर ०.४ ते २ व्होल्ट मिळतात.

आणि घरातली २३० व्होल्टची लाइन किंवा पंपाच्या स्टार्टरची कॉइल यावरून चालवायचा मोह झालाच, तर तिथंच थांबा. हे रिले सिग्नलसाठी असतात. आमच्याकडे एका हौशी पोरानं मोकळ्या चॅनलवरून पॅनेलचा दिवा लावला होता. दिवा लागला. नंतर त्याच चॅनलवर थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) जोडला, तर आकडे नाचू लागले. संपर्काच्या पृष्ठभागावरून ३० मिलिअँपपेक्षा जास्त करंट वारंवार गेला की तो खरबरीत होतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि मायक्रोव्होल्टचं नाजूक काम त्यावर पुन्हा नीट होत नाही.

तयार घ्यायचा की घरी बनवायचा

तयार मल्टिप्लेक्सरांत कॅम्पबेल सायंटिफिकचा एएम१६/३२बी बऱ्याच ठिकाणी दिसतो, म्हणून पुढची उदाहरणं त्याच्यावरून देतो. त्याला एक छोटी स्विच आहे. एका बाजूला केली तर दोन-दोन तारांचे ३२ संच, दुसऱ्या बाजूला केली तर चार-चार तारांचे १६ संच. टर्मिनलवर दोन्ही पद्धतींचे क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच एकदा चुकतात. स्विच आधी ठरवा, आणि नको असलेल्या पद्धतीचे आकडे मार्करनं सरळ खोडून टाका. कंपनीच्या वस्तूवर मार्कर फिरवायला जीव धजत नाही, पण फिरवाच.

लॉगरऐवजी आर्डुइनो किंवा ईएसपी३२ सारखे छोटे कंट्रोलर बोर्ड वापरणारे विचारतात, सोळा रिलेचा निळ्या डब्यांचा स्वस्त बोर्ड मिळतो, तो का नको? त्यावरचे रिले बल्ब आणि मोटार चालवायला केलेले असतात. त्यांच्या संपर्कावरचा थर फुटायला थोडा करंट वाहावा लागतो, आणि सेन्सरचा करंट त्यामानानं काहीच नाही. आज बरोबर वाचेल, पावसाळ्यानंतर वाचणार नाही. शिवाय एकेक कॉइल ७० मिलिअँपच्या आसपास खाते. बनवायचाच असेल तर सोन्याचा मुलामा असलेले सिग्नल रिले घ्या. रिलेऐवजी ७४एचसी४०६७ सारखी इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप अगदी स्वस्त पडते आणि हलणारा भाग नसल्यामुळे झिजत नाही, पण वाटेत साधारण ७० ओहम घालते, आणि सिग्नल तिच्या सप्लायच्या बाहेर गेला तर बिघडते. १० किलोओहमच्या थर्मिस्टरला (तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर) ती चालते. पीटी१०० या प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरला अजिबात नाही, कारण तिथे ७० ओहम म्हणजे जवळजवळ १८० अंशांचा घोळ.

रिलेचा एक गुण चिपमध्ये नसतो. रिले उघडला की सेन्सर जगापासून खरोखर तुटतो. मातीत पुरलेल्या जिप्सम जातीच्या किंवा वॉटरमार्क जातीच्या सेन्सरला (ओलाव्याबरोबर यांचा रेझिस्टन्स बदलतो, या फडातले वॉटरमार्कच) सतत डीसी मिळाला तर इलेक्ट्रोड खराब होतात आणि शेजारच्या सेन्सरमधून मातीवाटे करंट फिरतो. थेट लॉगरला जोडायच्या सेन्सरच्या केबलमध्ये यासाठी कपॅसिटर घालून देतात. मल्टिप्लेक्सरवर जोडायच्या सेन्सरला त्याची गरज नसते, ते काम रिलेच करतो. मागवताना कोणत्या जातीचा मागवताय ते बघून घ्या.

टेबलावरची जोडणी

शेतात जायची घाई नको. पहिली जोडणी टेबलावर, घरच्या उजेडात.

सगळी वीज बंद ठेवून सुरुवात करा. मल्टिप्लेक्सरच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा लॉगरच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडला. मल्टिप्लेक्सरला वेगळ्या बॅटरीवर चालवणार असाल तरी दोघांचं ग्राउंड एक करा. हे विसरलं की लॉगर पल्स पाठवत राहतो आणि मल्टिप्लेक्सर ढिम्म बसतो, आणि माणूस तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधतो.

मग दोन हुकमाच्या तारा. रीसेट, टर्मिनलवर आरईएस लिहिलेली, ती लॉगरच्या एका कंट्रोल पोर्टला, समजा सी१. क्लॉक, म्हणजे सीएलके, ती सी२ ला. रीसेटवर ५ व्होल्ट आले की मल्टिप्लेक्सर जागा होतो, पण अजून कोणीच नळाखाली नसतं. क्लॉकचा पहिला पल्स आला की पहिला चॅनल जोडला जातो, दुसऱ्याला दुसरा. रीसेट खाली गेला की सगळे रिले सुटतात आणि रांग पुन्हा शून्यावर.

शेवटी कॉमनच्या तारा, म्हणजे ज्यातून सगळे सेन्सर आळीपाळीनं लॉगरपर्यंत येणार. दोन तारांच्या पद्धतीत कॉम ऑडच्या एच आणि एल या दोन टर्मिनलचं काम. वॉटरमार्कसाठी माझी जोडणी अशी: लॉगरच्या एक्सायटेशन तोंडातून (मोजणीपुरतं व्होल्टेज देणारं तोंड), व्हीएक्स१ मधून, १ किलोओहमचा ०.१ टक्के अचूकतेचा रेझिस्टर. त्याचं दुसरं टोक एकाच वेळी दोन ठिकाणी: लॉगरच्या अॅनालॉग एसई१ ला आणि मल्टिप्लेक्सरच्या कॉम एच ला. कॉम एल लॉगरच्या सिग्नल ग्राउंडला. बस. चोवीस सेन्सरांना हा एकच रेझिस्टर पुरतो, म्हणून तो चांगला घ्या, हे पैसे वाचवायचे नाहीत.

लॉगर गुणोत्तर देतो, सेन्सरवरचं व्होल्टेज भागिले दिलेलं व्होल्टेज. त्याला क्ष म्हणू. सेन्सरचा रेझिस्टन्स किलोओहममध्ये होतो क्ष भागिले (१ वजा क्ष). क्ष ०.५ आला तर सेन्सर १ किलोओहमचा. पूर्ण ओल्या मातीत वॉटरमार्क साधारण ५५० ओहमच्या जवळ असतो, आणि २०० सेंटीबारच्या (माती पाणी किती घट्ट धरते त्याचं माप, जास्त म्हणजे कोरडी) कोरड्या मातीत २८ किलोओहमच्या जवळ जातो. रेझिस्टन्सवरून सेंटीबार काढताना मातीचं तापमान लागतं, एक अंश सेल्सिअसला साधारण १.८ टक्के फरक पडतो. म्हणून एक थर्मिस्टर मातीत थेट लॉगरवरून ठेवतोच.

प्रोग्राम, साध्या मराठीत

कोणत्याही लॉगरवर क्रम एकच. सीआरबेसिकमध्ये, म्हणजे कॅम्पबेलच्या लॉगरच्या भाषेत, लिहिणाऱ्यांसाठी त्याच भाषेतल्या सूचनांची नावं सांगत जातो.

पोर्टसेटनं सी१ वर करा. डिलेनं १५० मिलिसेकंद थांबा. सबस्कॅन लावा, तो जितके चॅनल वापरताय तितक्या वेळा फिरेल. सबस्कॅनच्या आत पहिली ओळ पल्सपोर्टची: सी२ ला १०,००० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे १० मिलिसेकंदांचा पल्स. दुसरी ओळ मोजणीची, अर्ध्या ब्रिजची (वरचं गुणोत्तर देणारी मोजणी), एक्सायटेशन उलटसुलट करून, म्हणजे सेन्सरवर डीसी साचत नाही. तिसरी ओळ उत्तर त्या क्रमांकाच्या खान्यात टाकायची. फेरी संपली की पोर्टसेटनं सी१ खाली.

ती शेवटची ओळ लिहायला विसरणारे बरेच असतात. टेबलावर काही कळत नाही, आकडे बरोबरच येतात. पण शेवटचा रिले दाबलेलाच राहतो, शेवटच्या सेन्सरला सतत जोडून ठेवतो आणि बॅटरीतून काहीतरी जातच राहतं. एएम१६/३२बी दोन तारांच्या पद्धतीत जागा असताना ६ मिलिअँपच्या आसपास घेतो आणि झोपेत ०.२१ पेक्षा कमी. दर पंधरा मिनिटांनी दीड-दोन सेकंद जागा राहिला तर ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. रात्रंदिवस जागा राहिला तर दिवसाला ०.१४४ अँपिअर-तास, म्हणजे पावसाळ्यातल्या चार-पाच ढगाळ दिवसांत छोट्या सोलर पॅनेलला जाणवण्याइतकं.

पंधरा मिनिटं का, दहा सेकंद का नाही? दर पंधरा मिनिटांनी एका रिलेची वर्षाला ३५,०४० हालचाल होते. दर दहा सेकंदांनी केली तर साडेएकतीस लाखांहून जास्त. माती तितकी चपळ नाही.

दोन साक्षीदार

आता घागरींच्या रांगेकडे परत. लॉगर "पुढची" म्हणतो आणि मनात मोजतो. एखादा "पुढची" मल्टिप्लेक्सरला ऐकूच आला नाही तर? लॉगरच्या हिशोबात अकरावी, नळाखाली मात्र दहावीच. तिथून पुढचे सगळे आकडे एका घरानं सरकले. आणि यातला वाईट भाग असा की प्रत्येक आकडा शहाणाच दिसतो. ना शून्य, ना हजार, ना कुठे चूक असल्याची खूण.

त्या फडात नेमकं हेच झालं. दोन-तीन ग्राफ करवतीसारखे दिसत होते, कधी ओले, कधी कोरडे. मी म्हणालो, पंप चालू-बंद होतोय, त्याचा गोंगाट. थ्री-फेज आली की तसं होतंच, असं स्वतःला समजावलं. काका एक दिवस मोबाइलवर ग्राफ बघत म्हणाले, "हा सहावा खड्डा बांधाच्या खालचा ना? तिथं पाऊल रुततंय बाबा. आणि तुझं यंत्र म्हणतंय कोरडं ठणठणीत." मी सेन्सरला दोष दिला. दोन सेन्सर उकरून काढले, बादलीत बुडवले, दोन्ही व्यवस्थित. दोन दिवस गेले. शेवटी सापडला क्लॉकच्या तारेचा ढिला स्क्रू, माझ्याच हातचा. डबा हलला किंवा पहाटे गारठला की एखादा पल्स चुकायचा. फेरीच्या सुरुवातीला रीसेट होत असल्यामुळे पुढची फेरी पुन्हा बरोबर. म्हणून करवत. कोणती फेरी खरी आणि कोणती सरकलेली हे सांगायला काहीच खूण नव्हती, तो महिना फेकावा लागला.

तेव्हापासून कुठल्याही मल्टिप्लेक्सरवर दोन साक्षीदार बसवल्याशिवाय मी डबा बंद करत नाही. चॅनल १ वर सेन्सर नाही, १ किलोओहमचा अचूक रेझिस्टर, थेट टर्मिनलमध्ये. चोवीस सेन्सर २ ते २५ वर. चॅनल २६ वर १० किलोओहमचा रेझिस्टर. चॅनल २७ मुद्दाम मोकळा. सबस्कॅन २६ फेऱ्यांचा.

सगळं ठीक असेल तर पहिल्या खान्यात क्ष ०.५०० येतो आणि सव्विसाव्यात ०.९०९. पहिला बरोबर आणि सव्विसाव्यात भलताच आकडा, मातीसारखा, आला तर मधे कुठेतरी पल्स चुकला. सव्विसाव्यात क्ष १ च्या जवळ आला तर उलट, एखादा जादा पल्स शिरला आणि रांग मोकळ्या सत्ताविसावर पोचली. बहुधा मोटारीचा किंवा विजेचा गोंगाट क्लॉकच्या तारेत शिरलेला असतो. दोन्ही साक्षीदार एकाच प्रमाणात हळूहळू सरकत असतील तर वर सांगितलेला सामायिक रेझिस्टर किंवा कॉमनचा स्क्रू बघा. चार रुपयांचे दोन रेझिस्टर इतकं बोलतात. प्रोग्राममध्येच अट घाला: सव्विसावा आकडा ०.९० ते ०.९२ च्या बाहेर गेला तर त्या फेरीपुढे खूण करा. डेटा पुसू नका, फक्त खूण.

थोडं थांबून मोजा

रिले जोडला की सिग्नल त्याच क्षणी स्थिर होत नाही. लांब केबल स्वतःच कपॅसिटर असते, मीटरला १०० पिकोफॅरॅड धरा. ५० मीटर केबल, ५ नॅनोफॅरॅड. सेन्सरचा रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर वेळांक (टाइम कॉन्स्टंट, रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) ५० मायक्रोसेकंद, आणि ०.१ टक्क्यापर्यंत पोचायला त्याच्या सातपट, म्हणजे ३५० मायक्रोसेकंद. लॉगर आपणहून साधारण अर्धा मिलिसेकंद थांबतो, तेवढं भागतं. पण १०० किलोओहमचा सेन्सर आणि तीच केबल असेल तर साडेतीन मिलिसेकंद हवेत. मोजणीच्या ओळीत सेटलिंगचा, म्हणजे सिग्नल स्थिर व्हायचा, वेळ लिहायची जागा असते, ती शून्य सोडू नका.

व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरांत याचं एक मजेशीर रूप दिसतं: तुटलेला चॅनल शेजारच्या चॅनलचा आकडा दाखवतो. आधीच्या सेन्सरनं तारेत भरून ठेवलेला चार्ज तो. सेन्सर उंदरानं कुरतडलेला, आकडा मात्र गोड. शंका आली तर त्या चॅनलच्या आधीच्या सेन्सरला हाताची ऊब द्या किंवा पाण्यात घाला. दोन्ही आकडे एकत्र हलले तर एक भूत आहे.

रानात

टेबलावर सगळे चॅनल बरोबर वाचले, मगच रानात. पुढच्या गोष्टी आमच्या भागातल्या मातीनं आणि हवेनं शिकवल्या.

एप्रिल-मेचा वळीव इथं विजा घेऊन येतो. चोवीस केबली म्हणजे जमिनीत पसरलेले चोवीस अँटेना. मल्टिप्लेक्सरच्या अर्थ लगपासून जाड तांब्याची तार, शक्य तितकी आखूड, अर्थ रॉडला. लॉगर त्याच डब्यात असेल तर दोघांचा अर्थ एकाच रॉडला. मल्टिप्लेक्सर शंभर मीटर लांब वेगळ्या डब्यात ठेवून दोघांना दोन वेगवेगळे, एकमेकांशी न जोडलेले अर्थ दिले तर वीज जवळ पडल्यावर त्या दोन रॉडांमधला दाब तुमच्या क्लॉकच्या तारेतून जातो. केबलच्या शील्डचं एकच टोक जोडायचं, मल्टिप्लेक्सरकडचं. शेताकडचं टोक कापून टेप लावायचा.

पंपाच्या केबलच्या चरातच सेन्सरची केबल टाकायचा सोपा उपाय प्रत्येक मजूर सुचवतो, चर आधीच खणलेला असतो. नाही म्हणा. निदान दोन-तीन फूट अंतर, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. लॉगरमध्ये ५० हर्ट्झचा गोंगाट गाळायची सोय असते, ती लावा. ६० वर राहिलेला पर्याय मी दोनदा पकडलाय, परदेशी नमुना प्रोग्राम जसाच्या तसा उतरवल्यामुळे.

रायबाग-अथणीकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती केबल ओढते. सेन्सरच्या वर हातभर केबल वेटोळं करून पुरा. खानापूरकडच्या तांबड्या, खडेवाल्या मातीत उलटी अडचण: सेन्सर आणि माती यांच्यात पोकळी राहते. त्याच भोकातली माती चाळून, पाण्यात कालवून, तो चिखल भोकात ओतून मग सेन्सर दाबायचा. वॉटरमार्क आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवायला विसरू नका.

डबा आयपी६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) किंवा त्याहून चांगला, केबली फक्त खालून, ग्लँडमधून (केबल आवळून धरणारं तोंड), आणि ग्लँडच्या आधी प्रत्येक केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. सिलिका जेलच्या पुड्या. न वापरलेल्या ग्लँडला बूच, कारण मोकळं भोक दिसलं की पाल येते, आणि पालीमागून मुंग्या. टर्मिनलवर पालीची विष्ठा म्हणजे अधूनमधून जोडला जाणारा एक जादा रेझिस्टर.

आणि फेरूल. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांकाचं फेरूल, म्हणजे तारेवर चढवायची आकडा छापलेली नळी. आमच्याकडे एकाच रानात मालक मराठी वाचतो, पाणी सोडणारा कन्नड वाचतो, आणि मी गेलो की दोघंही गोंधळतात. "बांधाचा, खालचा" असं चिकटपट्टीवर लिहिलेलं निम्म्या लोकांना कळत नाही. इंग्रजी आकडे सगळ्यांना येतात. चॅनलचा आकडा, बस. आणि डब्याच्या झाकणाच्या आत लॅमिनेट केलेला तक्ता: चॅनल ७, खड्डा २, ६० सेंटिमीटर.

तापमान मोजणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा बेदाणा शेडमध्ये पीटी१०० लावणार असाल तर दोन तारांची पद्धत विसरा. पीटी१०० एका अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, सेन्सर २० मीटरवर, जाऊन-येऊन ४० मीटर, तिचाच रेझिस्टन्स १.४ ओहम. म्हणजे साडेतीन अंश जादा, कायमचे. चार तारांच्या पद्धतीत करंट दोन तारांतून जातो आणि व्होल्टेज दुसऱ्या दोन तारांतून वाचलं जातं, तारेचा रेझिस्टन्स हिशोबात येत नाही. म्हणून स्विच चारच्या बाजूला आणि सोळा सेन्सर.

थर्मोकपल मात्र दोन तारांच्या पद्धतीत ३२ बसतात. के जातीचा थर्मोकपल एका अंशाला ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो, तेव्हा लक्ष तापमानाच्या संदर्भाकडे हवं. मल्टिप्लेक्सरपासून लॉगरपर्यंत तांब्याची तार घेतली असेल तर थंड जोड (थर्मोकपल ज्याच्या तुलनेत तापमान सांगतो तो जोड) मल्टिप्लेक्सरच्या टर्मिनलवर असतो, लॉगरवर नाही. तिथं एक थर्मिस्टर चिकटवा आणि तोच संदर्भ धरा. डब्याच्या एका बाजूला ऊन पडलं तर पहिल्या आणि बत्तिसाव्या टर्मिनलमध्ये एक-दोन अंश सहज पडतात. टर्मिनलवरचं झाकण लावा, डबा सावलीत ठेवा, भट्टीकडे पाठ करून.

पहिला आठवडा

रोज एकदा फक्त दोन आकडे बघा, पहिला आणि सव्विसावा. आठवड्यानं सगळे टर्मिनल स्क्रू पुन्हा एकदा आवळा, नव्या तारेचे धागे दबून बसतात आणि स्क्रू ढिला पडतो. एक सेन्सर निवडा, त्याची तार मल्टिप्लेक्सरवरून काढून तोच सामायिक रेझिस्टर वापरून थेट लॉगरवर मोजा. कपॅसिटर नसलेला सेन्सर आहे, म्हणून तासभरच. दोन्ही उत्तरांत एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर सेटलिंगचा वेळ वाढवून बघा.

काकांच्या धाकट्या भावानं गेल्या हंगामात शेजारच्या तुकड्यातही चोवीस सेन्सर मागितले. दुसरा मल्टिप्लेक्सर त्याच लॉगरवर बसला. क्लॉकची तार दोघांना एकच, सी२ वरून. कॉमनच्या ताराही एकत्र, कारण झोपलेल्या मल्टिप्लेक्सरचे सगळे रिले उघडे असतात. फक्त रीसेट वेगळा, दुसऱ्याला सी३. प्रोग्राममध्ये तोच सबस्कॅन दुसऱ्यांदा, सी३ वर करून. दोन्ही रीसेट एकाच वेळी वर जाता कामा नयेत, नाहीतर दोन घागरी एकाच नळाखाली. दुसऱ्याच्या चॅनल १ वर मी १ ऐवजी २ किलोओहमचा साक्षीदार लावला, म्हणजे कोणता मल्टिप्लेक्सर बोलतोय ते आकड्यावरूनच कळतं: क्ष ०.६६७.